दुसऱ्याचे दुःख

९ ऑगस्ट हा दिवस आपल्याकडे क्रांतिदिन म्हणून सर्वांना परिचित आहे. १९४२ साली त्या दिवशी पहाटे मुंबईत महात्मा गांधींना अटक झाली आणि ‘चले जाव’ आंदोलनाचा वणवा देशभर पसरला. त्याच ९ ऑगस्टला, आपल्यापासून हजारो मैल दूर, जर्मनांनी व्यापलेल्या पोलंडमधील आउश्वित्झच्या छळछावणीत पन्नास वर्षांची एक संन्यासिनी विषारी वायूने मारली गेली. जन्माने ती ज्यू होती, शिक्षणाने तत्त्वज्ञ होती आणि व्रताने कॅथलिक होती. मठातील तिचे नाव ‘क्रुसाची तेरेसा बेनेडिक्टा’. जगाला ती एडिथ स्टाइन या नावाने ठाऊक आहे. १९९८ साली कॅथलिक धर्मपीठाने तिला संतपद दिले.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. तत्त्वज्ञान हा काही माझा विषय नव्हे. निवृत्तीनंतर जडलेला तो वाचनाचा छंद आहे. तरीही या विदुषीच्या चरित्राकडे मी ओढला गेलो, तो तिच्या प्रबंधाच्या विषयामुळे. वयाच्या पंचविशीच्या आत तिने डॉक्टरेटसाठी जो प्रश्न निवडला, तो असा होता: दुसऱ्याचे दुःख आपल्याला कळते, म्हणजे नेमके काय घडते?

हा प्रश्न मलाही एकदा पडला होता. शाखेतील कर्जविभाग माझ्याकडे असतानाची गोष्ट. एका अडत व्यापाऱ्याची विधवा पत्नी एके सकाळी दिराला घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. पतीच्या निधनाला महिनाही झाला नव्हता. दुकानाचे कॅश क्रेडिट खाते आपल्या नावे पुढे चालू ठेवता येईल काय, एवढेच तिला विचारायचे होते. दिराचे म्हणणे, गाळा विकून खाते मिटवून टाकावे. मी नियम समजावून सांगितले. वारसाची कागदपत्रे, नवा जामीनदार, थकलेले व्याज, मालाचे विवरणपत्र अशी यादी स्वच्छ अक्षरात लिहून दिली. त्यात एकही चूक नव्हती. ती गेल्यावर आमचे शिपाई हलकेच म्हणाले, “साहेब, बाईंचे हात फार कापत होते. पाण्याचा पेलासुद्धा उचलता आला नाही.” मला ते दिसले नव्हते. दीड हात अंतरावर बसलेल्या माणसाचे हात मला दिसले नव्हते. पुढे गाळा विकला गेला, खाते पूर्ण वसूल झाले आणि कागदोपत्री ते प्रकरण उत्तम मिटले. मला मात्र ते हात, न पाहिलेले असूनही, आजवर आठवतात.

एडिथ स्टाइन यांच्या चरित्राच्या आरंभीच मला अशीच एक विधवा भेटली.

जर्मनीतील ब्रेस्लाउ नगरात (आज हे नगर पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्सवाफ आहे) स्टाइन कुटुंबाची लाकडाची वखार होती. १२ ऑक्टोबर १८९१ रोजी एडिथचा जन्म झाला. अकरा अपत्यांतील ती सर्वांत धाकटी. त्यांपैकी सात जगली. तो दिवस ज्यू धर्मातील प्रायश्चित्ताचा महापर्वदिन, योम किप्पूर होता. कडक उपवासाच्या आणि क्षमायाचनेच्या त्या पवित्र दिवशी जन्मलेली ही धाकटी लेक आईला विशेष प्रिय होती. एडिथ दोन वर्षांचीही झाली नव्हती, तेव्हा व्यापारासाठी प्रवासात असताना वडील सीगफ्रीड उन्हाच्या तडाख्याने अकस्मात वारले. वखारीवर कर्ज होते. वखार विकून मोकळे व्हावे, असा नातलगांचा सल्ला पडला. ऑगुस्टेबाईंनी तो मानला नाही. सात मुलांची आई स्वतः वखारीत उभी राहिली, धंद्यातील बारकावे शिकली, कर्ज फेडले आणि पेढी नावारूपाला आणली. धर्माचरण तिने कधी सोडले नाही. सण, उपवास, प्रार्थना सारे यथासांग चाले.

अशा घरातली एडिथ मात्र चौदा-पंधरा वर्षांची झाली, तेव्हा तिने समजून-उमजून प्रार्थना करणे सोडून दिले. त्यात बंडखोरीचा आव नव्हता. जे मनाला पटलेले नाही ते ओठांनी म्हणायचे नाही, असा तिचा स्वभाव होता. शाळाही तिने काही काळ सोडली, पुन्हा धरली आणि १९११ साली उत्तम रीतीने परीक्षा उत्तीर्ण होऊन ती ब्रेस्लाउच्या विद्यापीठात दाखल झाली. तेथे मानसशास्त्र शिकताना एडमंड हुसेर्ल या तत्त्वज्ञाचा ग्रंथ तिच्या हाती पडला. वस्तूंविषयीची मते बाजूला ठेवून, वस्तू आपल्या जाणिवेला प्रत्यक्ष जशी प्रतीत होते तशी निरखावी, ही हुसेर्ल यांची पद्धती. त्या ग्रंथाने भारावून एडिथ १९१३ साली ग्योटिंगेनला त्यांच्याकडे शिकायला गेली.

१९१४ साली महायुद्ध पेटले. पुढल्या वर्षी अभ्यास बाजूला ठेवून एडिथने रेडक्रॉसतर्फे परिचारिका होण्याचे ठरवले. सैनिकांच्या साथरोगांचे रुग्णालय म्हणजे उवा, घाण आणि संसर्ग. आईने ठाम विरोध केला. माझ्या संमतीने तू जाणार नाहीस, असे तिने बजावले. मग संमतीवाचून जावे लागेल, असे लेकीने तितक्याच शांतपणे सांगितले. आई आणि मुलगी यांच्या जीवनात पुढे जे वारंवार घडले त्याचा हा पहिला प्रसंग. दोघींचा पीळ एकच होता, आणि तो आईकडूनच आलेला होता.

मोराव्हियातील त्या लष्करी रुग्णालयात एडिथ यांनी सुमारे पाच महिने विषमज्वराच्या व तत्सम रोगांच्या रुग्णांची शुश्रूषा केली. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात अनेक भाषा बोलणारे सैनिक असत. कित्येक रुग्णांची भाषा परिचारिकेला कळत नसे, परिचारिकेची त्यांना कळत नसे. तरीही कोणाला तहान लागली आहे, कोण घाबरला आहे, कोणाचा अंत जवळ आला आहे, हे कळत होते. शब्दांवाचून कळत होते. ते कसे? प्रबंधाचा विषय त्यांनी आधीच निवडलेला होता. रुग्णालयात तो प्रश्न रोज खाटेवर पडलेला दिसू लागला.

१९१६ साली फ्रायबुर्ग येथे, हुसेर्ल यांच्याच मार्गदर्शनाखाली, या प्रबंधाला सर्वोच्च श्रेणीसह डॉक्टरेट मिळाली. विषय होता समानुभूती. त्यातील विवेचन सूक्ष्म आहे. पण त्याचा गाभा आपल्या रोजच्या अनुभवातलाच आहे. समजा, एखादा मित्र येऊन सांगतो की त्याचा भाऊ गेला. त्याच्या चेहऱ्यावर मला दुःख दिसते. आता, त्याचा चेहरा असा झाला आहे, माझाही चेहरा दुःखात असा होतो, म्हणून त्याला दुःख झाले असावे, असे अनुमान मी करीत बसतो काय? नाही. दुःख तत्काळ आणि थेट समोर येते. पण ते माझे होते काय? तेही नाही. भाऊ त्याचा गेला आहे, माझा नव्हे.

त्या काळी थिओडोर लिप्स नावाचे एक विचारवंत म्हणत की, दोरीवरून चालणाऱ्या डोंबाऱ्याला पाहताना प्रेक्षक आतून त्याच्याशी एकरूपच होतो. एडिथ यांनी हे मत खोडून काढले. मी डोंबाऱ्याच्या जागी जात नाही. मी खालीच उभा असतो. त्याच्या प्रत्येक पावलाबरोबर माझे मन मात्र त्याच्या सोबत चालत असते. एकरूप होणे आणि सोबत असणे यांत अंतर आहे. ते अंतर विसरले की आपण दुसऱ्याच्या दुःखावर आपलेच दुःख चिकटवू लागतो आणि त्यालाच सहानुभूती समजतो. दुसऱ्याचे दुःख दुसऱ्याचेच राहते; तरीही ते मला खरोखर दिसू शकते. एडिथ यांच्या प्रबंधातून मला एवढे उमगले, आणि माझ्या टेबलापलीकडे कापणाऱ्या त्या हातांचा अर्थही थोडा उलगडला. मी अनुमान चांगले केले होते. पाहिले मात्र नव्हते.

डॉक्टरेटनंतर एडिथ यांनी दीड वर्ष हुसेर्ल यांची साहाय्यक म्हणून काम केले. गुरूंनी लघुलिपीत लिहिलेल्या कागदांचे ढीग वाचायचे, लावायचे, त्यांतून सुसंगत ग्रंथ उभा करायचा. हे काम विद्वत्तेचे होते, पण त्यात स्वतंत्र विचाराला वाव नव्हता. १९१८ साली त्यांनी ते सोडले. विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळवण्यासाठी त्यांनी ग्योटिंगेनकडे अर्ज केला. स्त्री असल्यामुळे तो विचारातच घेतला गेला नाही. त्यांनी प्रशियाच्या शिक्षण मंत्रालयाला पत्र लिहून दाद मागितली. फेब्रुवारी १९२० मध्ये मंत्रालयाने आदेश काढला की, केवळ स्त्री असणे ही अध्यापनाच्या अधिकाराला अडचण ठरू नये. या आदेशाने जर्मनीतील विदुषींचा मार्ग मोकळा झाला. ज्यांच्या पत्रामुळे आदेश निघाला, त्यांना स्वतःला मात्र ते पद कधीच मिळाले नाही.

याच काळात त्यांच्या अंतःकरणात वेगळेच मंथन चालू होते. ग्योटिंगेनचे त्यांचे प्रिय अध्यापक आडोल्फ रायनाख १९१७ साली युद्धात मारले गेले. त्यांचे कागद लावून देण्यासाठी एडिथ त्यांच्या पत्नीला भेटायला गेल्या. आपल्याला सांत्वनासाठी शब्द सापडणार नाहीत, या धास्तीने त्या गेल्या होत्या. प्रत्यक्षात ती तरुण विधवाच श्रद्धेच्या बळावर शांत होती आणि आलेल्यांना धीर देत होती. ज्याचा तर्काने खुलासा होत नाही असे काहीतरी एडिथ यांना तेथे दिसले. पुढे १९२१ च्या उन्हाळ्यात एका मैत्रिणीच्या घरी त्यांच्या हाती सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत, आव्हिलाच्या तेरेसा यांचे आत्मचरित्र आले. ते वाचून त्यांचा शोध संपला. १ जानेवारी १९२२ रोजी त्यांनी कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली.

ही वार्ता पत्राने न कळवता त्या स्वतः ब्रेस्लाउला गेल्या आणि आईला समोरासमोर सांगितली. कर्जाचा डोंगर पाहून न डगमगलेली ती करारी माता रडली. आईला रडताना एडिथ यांनी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

त्यांना तेव्हाच मठात जायचे होते. आईला दुसरा आघात सोसवणार नाही, म्हणून त्या अकरा वर्षे थांबल्या. या काळात त्यांनी श्पायर येथे डॉमिनिकन भगिनींच्या संस्थेत शिक्षिका होऊ पाहणाऱ्या मुलींना भाषा व साहित्य शिकवले, स्त्रीशिक्षणावर गावोगावी व्याख्याने दिली आणि तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांच्या सत्यविषयक लॅटिन ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले. अभ्यास सोडल्यावाचून ईश्वरसेवा होत नाही, अशी त्यांची आरंभी समजूत होती. अक्वायनस वाचताना ती गळून पडली. अभ्यास हीच सेवा होऊ शकते, हे त्यांना पटले. १९३२ मध्ये त्या म्युन्स्टरच्या अध्यापनशास्त्र संस्थेत रुजू झाल्या. पण वर्षभरात हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू वंशाच्या म्हणून त्यांचे अध्यापन बंद पडले.

एप्रिल १९३३ मध्ये या बेचाळिशीच्या आतल्या अध्यापिकेने पोप अकरावे पायस यांना एक पत्र लिहिले. जर्मनीत ज्यूंवर काय कोसळत आहे याचे स्पष्ट वर्णन करून त्यांनी कळवळून विनवले की, धर्मपीठाने आता बोलावे. अत्याचार करणाऱ्यांबरोबरच ते पाहून गप्प राहणाऱ्यांवरही त्याची जबाबदारी येते, हे त्यांनी निःसंकोच लिहिले. उत्तरादाखल त्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना आशीर्वाद आले. ते पत्र पुढे सत्तर वर्षे दप्तरात राहिले आणि २००३ साली अभ्यासकांना पाहायला मिळाले. ज्या संघाला आपण जीवन वाहिले त्याच्या सर्वोच्च पीठालाही सत्य सांगण्यास त्या कचरल्या नाहीत, हे येथे नोंदवले पाहिजे.

अध्यापनाचे दार बंद झाल्यावर मठाचे दार उघडले. कोलोन येथील कार्मेल संघाच्या मठाने त्यांना स्वीकारले. त्या संघातील संन्यासिनी एकदा आत गेल्या की बाहेर येत नाहीत. जाण्यापूर्वीचे अखेरचे दोन महिने एडिथ यांनी आईपाशी काढले. आईचे वय चौऱ्याऐंशी.

या दोन महिन्यांतील हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या चरित्रात ती सर्वांत हृदयस्पर्शी आहे. धर्माविषयी दोघींना बोलता येत नव्हते. बोलले की जखम उघडी पडे. म्हणून लेकीने दुसरा मार्ग काढला. ती आईला जुन्या आठवणी विचारू लागली: आजोळ, लग्न, वखार, मुलांची बालपणे. आई सांगे आणि विदुषी लेक लिहून घेई. ज्यूंविषयी देशभर विष पसरवले जात असताना, एका साध्या ज्यू कुटुंबात माणसे कशी राहतात, हसतात, भांडतात, उपवास करतात, हे जगाला दाखवावे, म्हणून तिने तो ग्रंथ आरंभला. मठाच्या उंबरठ्यावर उभी असलेली कन्या आपल्या आईच्या धर्माची आणि घराची साक्ष लिहीत होती.

१२ ऑक्टोबर हा एडिथ यांचा बेचाळिसावा वाढदिवस; योगायोगाने तो ज्यूंच्या मंडपोत्सवाचा शेवटचा दिवस होता. त्या आईबरोबर प्रार्थनामंदिरात गेल्या. परतताना वृद्ध आईने वाटेत काही अंतर पायीच चालण्याचा हट्ट धरला, तो लेकीशी बोलता यावे म्हणून. ज्यू राहूनही माणूस भक्तिमान असू शकतो ना, असे तिने विचारले. लेकीने होकार दिला. मात्र ज्याला याहून अधिक काही गवसलेले नाही त्याच्या बाबतीत, असे ती पुढे म्हणाली. तुला ते का गवसावे, असा आईचा व्याकूळ प्रश्न होता. येशूविरुद्ध तिला काही म्हणायचे नव्हते. तो भला माणूस असेलही, पण त्याने स्वतःला ईश्वर का म्हणवावे, एवढेच तिला समजत नव्हते.

रात्री पाहुणे गेल्यावर आईने ओंजळीत तोंड झाकून घेतले आणि ती रडू लागली. एडिथ खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि ते पांढरे मस्तक त्यांनी छातीशी धरले. बराच वेळ दोघी तशाच होत्या. मग त्यांनी आईला खोलीत नेले आणि आयुष्यात प्रथमच तिला कपडे बदलायला मदत केली. त्या रात्री दोघींनाही झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एडिथ गाडीत बसल्या. मनात उचंबळून येणारा आनंद नव्हता, मागे राहिलेले फार दारुण होते. पण खोल शांती होती, असे त्यांनी लिहिले आहे. १४ ऑक्टोबर १९३३ रोजी त्या मठात प्रविष्ट झाल्या.

वाचकहो, घरातील लेकीने संन्यास घेतला की काय होते, हे आपल्यापैकी कित्येक घरांना ठाऊक आहे. वरघोडा निघतो, गुणगान होते. आणि गर्दी पांगल्यावर आई रिकाम्या खोलीत घड्या घातलेले कपडे पुन्हा घडी करीत बसते. आपल्या घरी निदान आई आणि लेक यांचा धर्म एक असतो. ऑगुस्टेबाईंना तोही आधार नव्हता. त्यांच्या दृष्टीने लेक केवळ घर सोडून गेली नव्हती. संकटाच्या ऐन वेळी ती आपल्या माणसांना सोडून पलीकडे गेली होती.

एडिथ यांच्याइतके ते दुःख कोणाला दिसले असेल? दुसऱ्याचे दुःख जाणण्याच्या शास्त्रात त्या पारंगत होत्या. आणि तरीही त्यांना ते दूर करता आले नाही. त्या दुःखाचे कारण त्या स्वतः होत्या. येथे मला त्यांच्या प्रबंधाचा खरा कस लागलेला दिसतो. दुःख जाणणे म्हणजे ते दूर करणे नव्हे. पुष्कळदा आपण समोरच्याचे दुःख पाहत नाही, कारण पाहिले तर काहीतरी करावे लागेल आणि करण्याजोगे आपल्यापाशी काही नसते. एडिथ यांनी नजर वळवली नाही. समजूत घालण्यासाठी खोटे शब्द वापरले नाहीत, आपला निश्चयही बदलला नाही. त्या फक्त खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

मठात बेचाळीस वर्षांची ही विदुषी सर्वांत कनिष्ठ साधिका झाली. शिवणकाम आणि घरकाम यांत त्या अगदी कच्च्या होत्या. ज्या तरुण मुली सहज करीत ते त्यांना जमत नसे. दर आठवड्याला त्या आईला पत्र लिहीत. आईकडून दीर्घकाळ उत्तर येत नसे. पुढे पुढे बहीण रोझाच्या पत्रात आईच्या हातची एखादी ओळ येऊ लागली. १४ सप्टेंबर १९३६ रोजी, मठात व्रतांच्या नूतनीकरणाचा विधी चालू असतानाच, ऑगुस्टेबाईंचे देहावसान झाले.

त्यानंतर एक अफवा पसरली की, मृत्युसमयी आईने कॅथलिक धर्म स्वीकारला. एखाद्या भाविकाने हे आनंदाने खरे मानले असते. एडिथ यांनी ते ठामपणे नाकारले. आई अखेरपर्यंत आपल्या धर्मावर अढळ राहिली, आणि तीच श्रद्धा तिला शेवटी आधार देत होती, असे त्यांनी लिहून कळवले. आईचा विश्वास आईचाच होता. आपल्या समाधानासाठी त्याच्यावर आपला शिक्का उमटवण्याचा अधिकार लेकीलाही नाही. प्रबंधातील तो सिद्धान्त, की दुसऱ्याचे अंतरंग दुसऱ्याचेच राहते, येथे आचरणात उतरलेला दिसतो.

मठाधिकाऱ्यांच्या आज्ञेने त्यांनी लेखन पुन्हा सुरू केले. सान्त आणि अनंत अस्तित्वाविषयीचा त्यांचा बृहद्ग्रंथ १९३६ मध्ये पूर्ण झाला. परंतु लेखिका ज्यू वंशाची म्हणून छपाई थांबली आणि तो मृत्यूनंतर, १९५० साली प्रकाशित झाला. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली, दुकाने फोडली गेली. आपल्यामुळे मठावर संकट नको म्हणून एडिथ ३१ डिसेंबरला सीमा ओलांडून हॉलंडमधील एख्त येथील मठात गेल्या. आईच्या पश्चात कॅथलिक झालेली बहीण रोझाही पुढे तेथे येऊन राहिली. पण मे १९४० मध्ये जर्मन सैन्याने हॉलंडही व्यापले. दोघींना स्वित्झर्लंडला पाठवण्याची खटपट चालू होती. परवाने वेळेवर आले नाहीत.

जुलै १९४२ मध्ये हॉलंडमधून ज्यूंना पूर्वेकडे पाठवण्यास आरंभ झाला. ख्रिस्ती पंथांनी निषेध केला. जाहीरपणे काही न बोलल्यास, धर्मांतर केलेल्या ज्यूंना वगळू, असे सत्ताधीशांनी सुचवले. तरीही २६ जुलैच्या रविवारी हॉलंडमधील कॅथलिक देवळांतून निषेधाचे पत्र वाचले गेले. नऊ वर्षांपूर्वी एडिथ यांनी ज्यासाठी विनवले होते, ते जाहीर बोलणे हेच. त्याचा सूड म्हणून पुढच्याच रविवारी, २ ऑगस्टला, कॅथलिक ज्यूंची धरपकड झाली. त्या दिवशी सायंकाळी एडिथ आणि रोझा यांना मठातून नेण्यात आले. टेबलावर संत जॉन ऑफ द क्रॉस यांच्यावरील ग्रंथाचे हस्तलिखित राहिले. घाबरलेल्या बहिणीचा हात धरून, चल, आपण आपल्या माणसांसाठी जात आहोत, अशा अर्थाचे काही त्या म्हणाल्याचे सांगतात. आईला वाटले होते, लेक आपल्या माणसांना सोडून गेली.

वेस्टरबोर्कच्या छावणीत त्यांना काही दिवस ठेवले होते. तेथून वाचलेल्या एका ज्यू व्यापाऱ्याने पुढे जी साक्ष दिली, ती मला या चरित्राचा कळस वाटते. कित्येक माता भीतीने आणि शोकाने इतक्या सुन्न झाल्या होत्या की, पोटच्या मुलांकडेही त्यांचे लक्ष नव्हते. एडिथ यांनी ती मुले गोळा केली, त्यांना न्हाऊमाखू घातले, केस विंचरले, भरवले. त्या मातांना काही उपदेश केल्याचे साक्षीत नाही. कोणाचा हात चालेनासा झाला आहे, एवढे त्यांनी पाहिले आणि आपला हात चालवला. ७ ऑगस्टला गाडी निघाली. ९ ऑगस्टला, आउश्वित्झला, सारे संपले. त्यांचा एक भाऊ आणि आणखी एक बहीण थेरेझिएनश्टाटच्या छावणीत मरण पावली.

त्यांना संतपद देण्यावरून वाद झाला. अनेक ज्यूंनी विचारले, ती मारली गेली ती ज्यू म्हणून. मग कॅथलिक हुतात्मा कशी? प्रश्न रास्त आहे, आणि लाखो मृतांच्या वतीने विचारलेला आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनीही संतपदाच्या समारंभात सांगितले की, त्यांचे स्मरण करताना ज्यूंच्या त्या संहाराचेही स्मरण दरवर्षी झाले पाहिजे. एडिथ यांनी स्वतः कधी आपले ज्यूपण झाकले नाही. मला वाटते, ऑगुस्टेबाईंच्या बाजूने विचारलेला हा प्रश्न आपण घाईने मिटवू नये. ज्याचे दुःख त्याचेच राहू द्यावे, हे तर त्या लेकीनेच शिकवले.

निवृत्तीनंतर कधीमधी ओळखीची मंडळी बँकेच्या कागदपत्रांत मदत मागायला येतात. त्यांत कोणी नुकतेच जवळचे माणूस गमावलेले असते. नामनिर्देशन, वारस, दाखले यांची यादी आजही मी स्वच्छ अक्षरात लिहून देतो. तिची गरज असतेच. पण कागद पुढे ओढण्याआधी मी समोरच्या माणसाकडे नीट पाहतो. मग पत्नीला हाक मारून चहा सांगतो, आणि तो पिऊन होईपर्यंत पेन खिशातच ठेवतो.